पाण्याची रेघ

आमच्या गाडीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूस, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर जपानी अक्षरे आणि काही आकडे होते. इंजिनातील तेल कधी बदलले याची ती नोंद आहे हे मला पुष्कळ दिवसांनी कळले, आणि त्यातील १८ हा आकडा दिवसाचा नसून वर्षाचा आहे हे त्याहूनही उशिरा. जपानात सम्राटाच्या कारकिर्दीनुसार वर्षे मोजण्याची रीत आहे. १९८९ साली हेइसेइ कालखंड सुरू झाला. तेव्हा हेइसेइ १८ म्हणजे २००६. तिकडच्या कोणा मिस्त्रीने २००६ साली तेल बदलले आणि ते नीट लिहून ठेवले. मला त्या कागदाचे कौतुक होते, पण ते परदेशी शोभेच्या वस्तूचे असावे तसे. तो कागद वाचून आपणही काही लिहून ठेवावे, असे मात्र मनात आले नाही.

२००८ च्या वसंतात ब्रिस्टल येथे आम्ही ही गाडी घेतली. माझ्दा बोंगो फ्रेंडी, १९९७ ची बांधणी, अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, आठ माणसांची बैठक. हे मॉडेल १९९५ ते २००५ या काळात जपानात जपानी लोकांसाठी बनत असे. कंपनीने ते इंग्लंडात कधी विकायला आणले नाही. तरीही तेथील रस्त्यांवर बोंगो हजारोंनी दिसत, याचे कारण जपानच्या कायद्यात आहे. तिकडे नव्या मोटारीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. ती इतकी खर्चिक पडते, की पुष्कळ माणसे चांगली चालती गाडी काढून टाकतात. मग ती जहाजात चढते. जपान आणि इंग्लंड या दोन्ही देशांत वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे सुकाणू उजवीकडे आणि सरकते दार डाव्या बाजूला, म्हणजे नेमके पदपथाकडे. मैल दाखवणारा वेगमापक आणि मागे धुक्याचा लाल दिवा बसवला, की गाडी इंग्रजी झाली. रेडिओ मात्र अखेरपर्यंत जपानीच राहिला. जपानात तेव्हा एफ.एम. ७६ ते ९० या पट्ट्यात असे आणि इंग्लंडातील बहुतेक केंद्रे त्याच्या वर. परिणामी आमच्या गाडीत फक्त बी.बी.सी. रेडिओ टू लागे, आणि माझ्या मुलांना साठ-सत्तरच्या दशकांतील गाणी तोंडपाठ झाली.

माझी पत्नी परिचारिका, मी एका इस्पितळाच्या देखभाल विभागात. घरात दोन मुले. शिवाय रविवारी मिस्साला जाताना शेजारच्या गल्लीतील एक वृद्ध गोवेकर दांपत्य आमच्याबरोबर असे. मोठी गाडी हवीच होती, नव्या मोठ्या गाडीचे पैसे नव्हते, आणि जपानी वस्तू बिघडत नाही या समजुतीवर आमची अख्खी पिढी वाढलेली. वसईत मारुती व्हॅन आली तेव्हा तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे याचे आम्हा मुलांना किती नवल वाटले होते! तीही मूळची जपानी घडण. बोंगोचे इंजिनही पुढच्या आसनांखालीच असते. रेडिएटर पुढे नाकाशी, इंजिन चालकाच्या बुडाखाली, आणि मागच्या प्रवाशांना ऊब मिळावी म्हणून दुसरा हीटर पार मागे. या तिन्हींना जोडणाऱ्या पाण्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून लांबवर धावतात. गाडी घेताना हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

२००९ च्या जून महिन्यात पप्पा आले. आई जाऊन वर्ष झाले होते. नंदाखालच्या घरात ते एकटेच असत, म्हणून चार महिन्यांसाठी मी त्यांना बोलावून घेतले. पप्पांनी तीस वर्षे वसईचा भाजीपाला आणि केळी मालट्रकमधून मुंबईच्या बाजारात पोहोचवली. आधी क्लीनर, नंतर ड्रायव्हर. रात्री दोन वाजता निघायचे, आणि निघण्यापूर्वी कंदील धरून रेडिएटरचे पाणी पाहायचे, हा त्यांचा नेम मी जन्मापासून पाहिलेला. ब्रिस्टलला आल्यावर तिसऱ्याच सकाळी मी खिडकीतून पाहतो, तर पप्पा स्वेटर घालून आमच्या गाडीचे बॉनेट उघडून उभे! पाण्याची प्लॅस्टिकची टाकी पुढेच असते. ती कालांतराने तपकिरी झाली होती, तिच्यावरील मूळ खुणा दिसेनाशा झाल्या होत्या. पप्पा टाकीला डोळा लावून, खिशातल्या लहानशा बॅटरीचा प्रकाश पलीकडून पाडून पाणी कोठवर आहे ते पाहत होते.

मग हे रोजचेच झाले. एकदा त्यांनी विचारले, "पाणी हिरवे का रे?" मी सांगितले, की यात निम्मे पाणी आणि निम्मे गोठणरोधक द्रव्य असते, हिवाळ्यात नुसते पाणी गोठून फुगते आणि इंजिनाचा ठोकळा फोडते. "म्हणजे पाण्यात औषध," ते म्हणाले. त्यांना ते पटले. मला मात्र लाज वाटू लागली होती. समोरच्या घरातील गृहस्थ कामावर जाताना रोज हसून हात करीत आणि मला वाटे, की हे आपल्याला हसत आहेत. एका सकाळी, त्या गृहस्थांच्या देखत, मी पप्पांना म्हणालो, "पप्पा, ही जपानी गाडी आहे, तुमचा केळ्यांचा ट्रक नव्हे. पाणी कमी झाले तर काटा दाखवतो. तुम्ही आत या, थंडी आहे."

ते आत आले. दुसऱ्या दिवसापासून बॉनेट उघडले गेले नाही.

त्या काट्याविषयी येथे थोडे सांगायला हवे, कारण आजही कित्येक घरांतील गाड्या त्याच्याच भरवशावर चालतात. इंजिनाचे तापमान सारखे थोडे वरखाली होत असते. ते सारे काट्याने दाखवले तर चालक उगाच घाबरतील, म्हणून मोटारी बनवणारे तो मुद्दाम सुस्त करून ठेवतात. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो एकाच जागी उभा असतो. बोंगोत ती जागा घड्याळातील अकराच्या आसपास. काटा बारावर सरकला तर समजावे, की उशीर होत आला आहे. दुसरे असे, की तापमान मोजणारे टोक पाण्यात बुडालेले असेल तरच ते खरे बोलते. पाणी निघून गेले आणि टोक वाफेत उघडे पडले, तर इंजिन भाजत असताना काटा स्वस्थ असू शकतो. हे ज्ञान मला नंतर झाले.

ऑगस्टमध्ये आम्ही कॉर्नवॉलला निघालो. सुट्टीचे दिवस, एम-५ महामार्गावर वाहनांची मुंगीची रांग. पप्पा मधल्या आसनावर, सरकत्या दाराशी बसले होते. टॉन्टन गेले, एक्सेटर गेले. एक्सेटरपुढे ए-३८ रस्ता हॅल्डनच्या टेकडीवर चढतो. चढण लांब आणि उभी आहे. अर्ध्यावर काटा अकरावरून हलला, आणि मी पत्नीला काही म्हणेपर्यंत लाल पट्टीत जाऊन टेकला. बॉनेटच्या फटींतून वाफ आली. गाडी कडेला घेतली, मुलांना कठड्यापलीकडे गवतात उभे केले आणि मी धावत जाऊन बॉनेट वर केले. टाकीच्या झाकणाकडे माझा हात गेला, तोच पप्पांनी मागून मनगट धरले. सत्तरीतल्या माणसाच्या पकडीत एवढा जोर असेल असे मला वाटले नव्हते.

"उघडू नकोस."

त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत आणि फिकट आहे. क्लीनर असताना घोडबंदरच्या चढणीवर त्यांनी तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले होते. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते सारे एकदम उसळते. लहानपणी त्या हाताला मी 'पप्पांचा रेशमी हात' म्हणत असे.

रिकव्हरीचा ट्रक येईपर्यंत दोन तास गेले. पप्पा नातवंडांना मेंढ्या दाखवीत होते. मला एक शब्द बोलले नाहीत.

ब्रिस्टलच्या गॅरेजमधील मिस्त्रीने टाकीच्या तोंडावर एक काचेची नळी धरली. तिच्यात निळे पाणी होते. इंजिन सुरू करताच ते पिवळे झाले. याचा अर्थ, जळलेला वायू थंडाव्याच्या पाण्यात मिसळत होता. या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापून अधिक फुगते. ते वाकले, गॅस्केट उडाले आणि हेडला चीर गेली. मूळ कारण मात्र काही रुपयांचे होते, किंवा पेन्सांचे म्हणा. मागच्या हीटरकडे जाणारी एक रबरी नळी क्लिपाजवळ चिरली होती आणि कित्येक दिवस थेंबथेंब गळत होती. यात गाडीला दोष देता येणार नाही. रबराला बारा वर्षे पुष्कळ झाली. टाकी रोज पाहणाऱ्याला पाणी दोन बोटे उतरलेले पहिल्याच आठवड्यात दिसले असते.

नवे हेड, नवे गॅस्केट, आणि एवढे उघडलेच आहे तर टायमिंग बेल्ट व पाण्याचा पंप. माझे दोन महिन्यांचे वेतन गेले. पण मला झोप लागेना ती त्यामुळे नव्हे. त्या रात्री जेवताना पप्पा सहज म्हणाले होते, "त्या औषधाचा वास गोड असतो, नाही?" त्या द्रव्याला गोडसर वास आणि चव असते हे खरे, कुत्री-मांजरे ते चाटून मरतात, म्हणून ते सांडू देत नाहीत.

"तुम्हांला वास कधी आला?" मी विचारले.

"टॉन्टनच्या आधीपासून येत होता."

"मग बोलला का नाहीत, पप्पा?"

त्यांनी पानातला भाताचा शेवटचा घास संपवला. "तू म्हणाला होतास ना, ही जपानी गाडी आहे." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. इंग्लंडातील गाड्यांचे आपल्याला काय कळते, असे त्यांना खरोखरच वाटू लागले होते, आणि ते मीच त्यांना शिकवले होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि ताट उचलून ती आत गेली.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. दुसऱ्याच दिवशी मागच्या हीटरमधून थंड वारा येऊ लागला. मी गॅरेजला फोन करायला निघालो, तेव्हा पप्पा दाराशी घुटमळत होते. मी फोन खाली ठेवला आणि त्यांना म्हणालो, "पप्पा, जरा येऊन पाहता का?" ते चप्पल न घालताच बाहेर आले. पुढे काढा गरम आणि मागे थंड, म्हणजे नळ्यांत हवा अडकली आहे, हे त्यांनी बसल्या जागी सांगितले. बोंगोत ही हवा काढण्यासाठी आसनाखाली इंजिनाशी एक आखूड नळी असते, तोंडाला बूच लावलेली. आम्ही आसन उचलून मागे टाकले. ती नळी वर उभी धरून पप्पांनी तिच्यात नरसाळे बसवले, मी दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू केले. नरसाळ्यात बुडबुडे येत राहिले. पप्पा दुसऱ्या हाताने रबरी नळ्या दाबून पाहत आणि मान हलवीत. पाणी खाली गेले की मी ओतायचे. पाऊण तास आम्ही दोघे असे बसलो होतो. आईच्या शेवटच्या दिवसांविषयी ते प्रथमच माझ्याशी बोलले, तेही इंजिनाच्या आवाजामुळे थोडे मोठ्याने. मी तेव्हा रजा मिळवून पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. ते सारे येथे लिहीत नाही. शेवटी बुडबुडे थांबले, मागचा वारा गरम झाला, आणि पप्पांनी बूच घट्ट बसवले.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. सकाळी पप्पांनी सुनेकडून नखांना लावायचा लाल रंग मागून घेतला आणि टाकीवर पाण्याच्या पातळीला एक रेघ ओढली. रेघेखाली बारीक अक्षरांत लिहिले: 'पाणी'. पुढे मी टाकीत एक सळई घालून पाणी उतरताच वाजणारी घंटाही बसवून घेतली. अशा गाड्या बाळगणारे बहुतेक जण ती बसवतात. पप्पांना ती आवडली, पण त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला असे दिसले नाही.

ऑक्टोबरात ते परतले. त्यानंतर दर रविवारच्या फोनवर मुलांची, पगाराची, पावसाची चौकशी झाली की शेवटी विचारीत, "पाणी पाहिलेस?" पहिले काही महिने मी न पाहताही हो म्हणालो. मग खरेच पाहू लागलो. २०१४ च्या पावसाळ्यात पप्पा गेले. त्या वेळी मी नंदाखालला वेळेवर पोहोचलो.

गाडी त्यानंतरही आठ वर्षे चालली. २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रिस्टल शहरात शुद्ध हवेचा नियम लागू झाला. जुन्या डिझेल गाडीला शहरात शिरण्याचे रोजचे नऊ पौंड पडू लागले, तेव्हा ती ठेवणे परवडेना. कॉर्नवॉलमधील एक तरुण जोडपे ती घ्यायला आले. त्यांना तिच्यात बिछाना घालून समुद्रकाठी राहायचे होते. मुलीला दारावरचा जपानी कागद फार आवडला. तो काढू नका, असे तिने बजावले. मुलगा बॉनेट उघडून आत वाकला होता. त्याने टाकीवर बोट ठेवून विचारले, "आणि हे जपानी काय लिहिले आहे?"

मी त्याला सांगितले, की सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी या रेघेपर्यंत दिसले पाहिजे.