पाटे आणि पाट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. "ब्लॉग बंद केलास का रे?" असं ताईने फोनवर दोनदा विचारून झालं. बंद नाही केला गं. मोकळा वेळ सगळा जिप्सीखाली आडवं पडण्यात गेला.

ज्यांना आमची जिप्सी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. बाबांनी घेतलेली, एमएच-०६ नंबरची, पांढरी (म्हणजे आता पांढरी म्हणायची फक्त सवय). मारुतीने ही गाडी १९८५ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना विकणं थांबवलं. एवढ्या वर्षांत इंजिन बदललं, पण पुढच्या-मागच्या सरळ अ‍ॅक्सलवर बसवलेले कमानपाटे काही गेले नाहीत. हल्लीच्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र असतं, २०२० साली आलेल्या नव्या थारमध्येसुद्धा. जिप्सीत मात्र डावं चाक दगडावर चढलं की उजव्याला लगेच खबर लागते, आणि दोघांची मिळून बसणाऱ्याच्या कमरेला.

रामराजच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत आमची कलमांची बाग आहे. बाबांनीच लावलेली. डांबरी रस्ता संपल्यावर उरलेली वाट लाल मातीची, आणि पावसात तिचा ओढा होतो. गेल्या पावसाळ्यात एका दगडावर पुढचा डिफरन्शियल असा काही घासला, की तो आवाज माझ्या दातांत राहिला. त्याच रात्री ठरवलं, गाडी पुढून उचलायची.

मग काय, रात्र-रात्र व्हिडिओ. मुंबईहून सामान मागवलं, मी स्वतः जाऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला घेऊन आलो. पुढच्या पाट्यांत एकेक जादा पाटा, लांब शॅकल, कडक शॉकअप, लांब ब्रेक होज. शिवाय लोखंडी बंपर, कारण तो चांगला दिसतो. (हे एवढं स्पष्ट कारण मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.)

आमच्या मिस्त्रींनी सामान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, पाटा वाढवलात तर गाडी उचलेल. पण वाकणार कशी ती?"

मी हसलो. दिवाळीच्या आधी दोन दिवस गाडी दोन इंच वर उचलून बाहेर आली. काय दिसत होती! बायपासवर दोन पोरांनी मोबाइल काढून फोटो घेतले.

पहिली तक्रार स्टिअरिंगची. रेवदंड्याच्या रस्त्यावर साठच्या पुढे गाडी भटकायला लागली, सारखं हातात धरून ठेवावं लागे. जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की अ‍ॅक्सल किंचित पुढे कलतो आणि कॅस्टरचा कोन कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचं, ते होईनासं होतं. मिस्त्रींनी अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी पाचर मारली तेव्हा कुठे गाडी ताळ्यावर आली.

दुसरी गोष्ट कळली ती बागेच्या वाटेवर, आणि ती मला आधीच कळायला हवी होती. तोच दगड, तोच आवाज! पाटे बसतात अ‍ॅक्सल आणि चासीच्या मध्ये. पाटे उचलले की चासी उचलते, बॉडी उचलते, बसणारा उचलतो. डिफरन्शियल अ‍ॅक्सलवरच असतो, तो होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायचं तर टायर मोठे हवेत. इंजिनीअर माणूस मी, पण चाळीस व्हिडिओ बघताना हा विचार एकदाही डोक्यात आला नाही.

पुढच्याच चरात मिस्त्रींचं वाक्य आठवलं. पाटे इतके कडक, की अ‍ॅक्सल वाकडा व्हायलाच तयार नाही. एक चाक चरात उतरायच्या ऐवजी अधांतरी राहिलं आणि हवेत गरगर फिरत बसलं. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक मोकळं त्यालाच फिरणं मिळतं, जमिनीवरचं चाक नुसतं बघत राहतं. बाबांच्या जुन्या, दमलेल्या पाट्यांवर हीच गाडी हाच चर मुकाट्याने ओलांडायची.

(कायद्याचंही सांगून टाकतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. मला हे माहीत होतं. मी सोयीने विसरलो होतो.)

पण हे सगळं मी सहन केलं असतं. चूक कबूल करण्यापेक्षा कंबर दुखवून घेणं मला केव्हाही सोपं जातं.

आई बहात्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून बागेचं सगळं तीच बघते. गाडी उचलल्यावर पहिल्यांदा बागेत निघालो तेव्हा ती दारापाशी थांबली, पायरीकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. बाहेर आली ती स्वयंपाकघरातला पाट घेऊन. तो जमिनीवर ठेवून त्यावर चढली, मग गाडीत. मी म्हणालो, "बघ, पाट्यांमुळे पाट लागला." ती हसली नाही. वाटेत प्रत्येक खड्ड्याला समोरचा दांडा धरून बसली होती. परत आल्यावर दोन दिवस कमरेला पट्टा.

त्यानंतर दरवेळी काहीतरी निघायचं. कधी मार्गशीर्षातला गुरुवार, कधी "आज नको, पापड घालायचेत." पौषात मोहोर आला, तो मी तिला मोबाइलवर दाखवला. बरा आहे म्हणाली.

फेब्रुवारीत जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाग तीन वर्षांसाठी खंडाने दिली."

"मला न विचारता?"

"तू गाडीचं मला विचारलंस?"

आवाज चढला नव्हता. ताक वाढता वाढता बोलली. त्या वाटेने आता आपल्याला जमणार नाही, हे तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मी मात्र हे सगळं बागेत नीट जाता यावं म्हणून केलं असं स्वतःला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. जुने पाटे त्यांनी कोपऱ्यात जपून ठेवले होते. एक पाटा चिरलेला होता तो बदलला, बाकीच्यांची कमान पुन्हा चढवून घेतली. समुद्राची हवा पाट्यांमध्ये शिरून गंज धरते, तो घासून काढून ग्रीस लावलं. बुश सगळे नवे, शॉकअप मूळ मापाचे, मऊ. जादा पाटे, लांब शॅकल, पाचर, बंपर, सगळं उतरवलं. दाराखाली एक मोडती पायरी लावली. आणि तो दगड? पहारीने अर्ध्या तासात बाजूला झाला.

मागच्या रविवारी आईला म्हटलं, चल. "आता काय करायचंय तिथे, दुसऱ्याच्या ताब्यात आहे," म्हणाली, पण लुगडं बदलून आली. पायरीवर पाय ठेवून बघितला, एकदा दाबून बघितला आणि चढली. वाटेत दांडा धरला नाही. बागेत खंडकऱ्याची माणसं आंबे उतरवत होती. आईने घळाच्या बाजूच्या कलमाखाली उभं राहून त्यांना झेला कसा धरायचा ते सांगितलं, मग खाली पडलेले दोन आंबे उचलले आणि पोराला विचारलं, "हे घेऊ का रे?"

तो म्हणाला, "आजी, तुमचेच आहेत की."

आईने ते पदराला पुसले आणि गाडीत येऊन बसली. पाट अजून मागच्या सीटखालीच आहे. मी घरात नेऊन ठेवतो म्हणालो, तर म्हणाली राहू दे.