टॉवरकडे मागायचं कसं

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना रेडिओवर बोलायला शिकवणं, हे निवृत्तीनंतर मी लावून घेतलेलं काम. नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात झाली. ही मुलं उद्या ज्यांच्याकडे परवानग्या मागणार, त्यांच्यातली मी एक. त्यामुळे कसं बोलावं यापेक्षा कसं ऐकू येतं, हेच माझ्या शिकवण्यात जास्त येतं.

सुरुवात फ्रिक्वेन्सीपासून करावी लागते. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर बाकीच्यांना बहुतेक वेळा नुसती किंचाळी ऐकू येते, आणि बोलणाऱ्या दोघांना आपलं म्हणणं पोचलं नाही याचा पत्ताही नसतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. संध्याकाळच्या गर्दीत तिथल्या टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर दोन वाक्यांमध्ये फट मिळणं मुश्कील. तिथे एखाद्याने 'अं… सर… गुड ईव्हनिंग' करत चार सेकंद खाल्ले, तर ते चार सेकंद उतरायला आलेल्या दुसऱ्या कोणाचे तरी असतात.

म्हणून पहिल्या हाकेचा क्रम ठरलेला आहे: कोणाला बोलावतोय, मी कोण, कुठे आहे, काय हवंय. समजा, छोटं विमान नागपूरकडे येतंय. 'नागपूर टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, सेसना वन फिफ्टी टू, वन फाइव्ह माइल्स नॉर्थ, टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, इन्फर्मेशन डेल्टा, फॉर लँडिंग.' एवढंच. पण यात ऐकणाऱ्याला सगळं मिळतं. सेसना म्हटल्यावर वेग कळला, म्हणजे मागून येणाऱ्या जेटला किती लांब ठेवायचं ते ठरलं. डेल्टा म्हटल्यावर कळलं की याने हवामानाचं ताजं ध्वनिमुद्रण ऐकलंय, वारा आणि दाब पुन्हा वाचून दाखवायला नकोत. नाव पहिल्यांदा पूर्णच सांगायचं. त्याचं 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली' असं आखूड रूप वापरायचं, पण टॉवरने आधी वापरल्यावरच, कारण त्याच वेळी दुसरं कुठलं ब्राव्हो चार्ली हवेत आहे का, हे फक्त टॉवरला माहीत असतं.

आपल्याकडे निघण्याआधी आणखी दोन क्रमांक जवळ असावे लागतात: हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी. ते न घेताच स्टार्टअप मागायला येणारा विद्यार्थी दर तुकडीत एक तरी निघतो.

मागितल्यावर जे उत्तर येतं ते ऐकणं ही निम्मी विद्या. 'स्टँडबाय' आलं तर त्यात होकारही नाही आणि नकारही नाही, थांबायचं, बस. धावपट्टी ओलांडायची परवानगी मागितली, टॉवरने 'स्टँडबाय' म्हटलं आणि याने ब्रेक सोडले, असं झालं तर पुढचं बोलायला कदाचित कोणी उरणार नाही. 'रॉजर'चंही तसंच. तुमचं बोलणं पूर्ण कानावर आलं, इतकाच त्याचा अर्थ. हो म्हणायचं तर 'अफर्म'. आणि धावपट्टी, उंची, दिशा, दाबमापकाचा आकडा या गोष्टींना नुसतं 'रॉजर' चालतच नाही. जसं सांगितलं तसं परत म्हणून दाखवायचं. १९८९ च्या फेब्रुवारीत क्वालालंपूरजवळ एका मालवाहू ७४७ ला दोन हजार चारशे फुटांवर यायला सांगितलं होतं. 'टू फोर झिरो झिरो' यातला पहिला 'टू' वैमानिकांना आकडा वाटलाच नाही. त्यांनी 'फोर झिरो झिरो' म्हणून दाखवलं, ते कोणी दुरुस्त केलं नाही, आणि विमान डोंगरावर आदळलं. चौघे गेले.

'टेक-ऑफ' या शब्दावर तर पहाराच आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर दाट धुकं होतं. केएलएमच्या ७४७ ला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली. त्या परवानगीच्या मजकुरात 'टेक-ऑफ' हा शब्द होता, पण ती टेक-ऑफची परवानगी नव्हती. सहवैमानिकाने ती परत म्हणून दाखवली आणि शेवटी 'आता आम्ही टेक-ऑफवर आहोत' अशा अर्थाचं काहीतरी जोडलं. नियंत्रक आधी 'ओके' म्हणाला आणि मग 'थांबा, मी सांगेन'. नेमक्या त्याच क्षणी, आपण अजून धावपट्टीवरच आहोत, हे सांगायला पॅन अ‍ॅमच्या विमानाने बटण दाबलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्पष्ट पोचलं, पुढे किंचाळी. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच 'टेक-ऑफ' म्हणायचं; एरवी 'डिपार्चर'. वैमानिकाने तयार असल्याचं कळवायचं तेही 'रेडी फॉर डिपार्चर' असंच.

तरी मला सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवावा लागतो ती गोष्ट वेगळी आहे. ती आपल्या बोलण्याच्या वळणातच आहे. 'जमलं तर बघा', 'तुम्हाला त्रास नसेल तर', 'घाई नाही, पण…' असं म्हणत आपण मागतो, आणि समोरच्याने गरज ओळखावी अशी अपेक्षा ठेवतो. घरात ते शोभतं. रेडिओवर मात्र ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही, आणि त्याच्याकडे आणखी दहाबारा विमानं असतात.

२५ जानेवारी १९९० ची संध्याकाळ मी दर तुकडीला सांगते. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं एव्हिआंकाचं बोइंग ७०७, फ्लाइट ५२. खराब हवेमुळे त्याला वाटेत तीनदा घिरट्या घालत ठेवलं, मिळून सव्वा तासाच्या वर. तिसऱ्या खेपेला सहवैमानिकाने कळवलं की आम्हाला 'प्रायॉरिटी' लागेल. आणखी पाचेक मिनिटंच थांबता येईल, पर्यायी विमानतळ असलेलं बॉस्टन आता आवाक्यात नाही, हेही तो बोलला. त्याच्या मते त्याने सगळं सांगितलं होतं. पण 'प्रायॉरिटी' ऐकून नियंत्रकाने नेमकं काय करायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. इंधनाचा उल्लेख हातातून हातात जाताना पुढच्या नियंत्रकापर्यंत पोचला नाही, आणि विमानाला इतरांसारखंच रांगेत धरलं गेलं.

पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला. कॅप्टनने बजावलं, आपण संकटात आहोत असं सांग. सहवैमानिकाने दिशेची सूचना परत म्हणून दाखवली आणि तिच्या शेपटीला, जाता जाता, इंधन संपत चालल्याचं जोडलं. कॅप्टनने पुन्हा विचारलं, सांगितलंस ना? हो, सांगितलं. मग नियंत्रकाने पुढचा मार्ग देताना, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला हे चालेल का, असं विचारलं. उत्तर आलं, चालेल असं वाटतं, आभारी आहे. काही मिनिटांत चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेकमध्ये कोसळलं. १५८ पैकी ७३ जण दगावले. टाक्या रिकाम्या होत्या, त्यामुळे आग लागली नाही.

सहवैमानिक खोटं बोलला नव्हता. कॅप्टनला वाटत होतं संदेश गेला, सहवैमानिकालाही तसंच वाटत होतं. पण 'मेडे' हा संकट जाहीर करणारा शब्द कोणीच उच्चारला नाही. थेट मागणं उद्धटपणाचं वाटेल, या भीतीला माझ्या वर्गात जागा नाही, असं मी स्पष्टच सांगते. वरिष्ठांसमोर आवाज खाली घ्यायला शिकलेली हुशार मुलं इथेच अडखळतात.

आता इंधनासाठी दोन ठरीव हाका आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे उतरायचा विमानतळ ठरलाय, आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल. हे संकट नव्हे, पण नियंत्रकाने लक्ष ठेवायचं. जेटसाठी ही अखेरची राखीव साधारण अर्ध्या तासाची. जवळच्या सुरक्षित विमानतळावर पोचेपर्यंत तीच खाल्ली जाणार असं गणित दिसलं, की 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. यात 'प्रायॉरिटी' कुठेच नाही.

मुलं विचारतात, उगाच मेडे म्हटलं असं ठरलं तर चौकशी लागेल का? अहवाल लिहावा लागतो, खरं आहे. पण त्या शब्दानंतर आमच्या बाजूला काय होतं, ते त्यांना माहीत नसतं. फ्रिक्वेन्सीवरच्या बाकीच्यांना गप्प केलं जातं, समोरची विमानं बाजूला काढली जातात, अग्निशमन दलाची घंटा वाजते. मग टॉवर दोन गोष्टी विचारतो: विमानात किती माणसं आहेत आणि इंधन किती मिनिटांचं आहे. दोन्ही आकडे आधीच कागदावर लिहून मांडीवर ठेवावेत, हे मी शिकवते. विमान हाकायचं काम त्या वेळी पुरेसं असतं.

आणि वैमानिक घुटमळतोय असं वाटलं, तर नियंत्रकानेच थेट विचारावं: तुम्ही इमर्जन्सी जाहीर करताय का? त्यावर 'अफर्म' किंवा 'निगेटिव्ह' यांतलं एक काहीतरी यावं लागतं. आलं नाही, तर पुन्हा विचारायचं.