अक्षता पडतात तेव्हा

लग्नाच्या डीव्हीडीतला सर्वांत अवघड भाग कोणता, असं कुणी विचारलं तर मी अक्षतांचा सांगेन. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो आणि चारी बाजूंनी तांदूळ उडतात. त्याच वेळी फोटोग्राफरचे फ्लॅश लखलखतात, सनई-चौघडा टिपेला जातो आणि शूटिंगवाला गर्दीतून वाट काढत कॅमेरा फिरवतो. घरच्यांना हीच दोन-तीन मिनिटं पुन्हा पुन्हा बघायची असतात. व्हिडिओ लहान करताना सगळ्यात आधी फाटतात तीही हीच.

याचं कारण कॉम्प्रेशनच्या रीतीत आहे. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. चित्राचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा मागच्या किंवा पुढच्या चित्रात कुठे सापडतो ते शोधायचं आणि फक्त फरक लिहून ठेवायचा, अशी ती रीत. भटजी स्थिर बसलेत, मागे पडदा आहे, तर लिहायला फारसं काही उरत नाही. अक्षतांचा मात्र दाणा न् दाणा आपल्या वाटेने जातो. मागच्या चित्रात त्याचा माग लागत नाही, म्हणून जवळजवळ सगळं नव्याने लिहावं लागतं. फ्लॅश पडला की चित्राचा उजेडच बदलतो आणि मागच्या चित्राचा आधार तिथेही सुटतो.

उरलेला फरक आटोपशीर लिहायची युक्ती ज्या गणितावर उभी आहे, ते बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. तुकड्यातले ठळक चढउतार आणि बारीक तपशील त्याने वेगळे काढता येतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील सोडून देता येतो. डीव्हीडीचा एमपीईजी-२ त्यावरच चालतो आणि २००३ साली आलेल्या एच.२६४ या रीतीतही त्याचंच सुधारलेलं रूप आहे. एच.२६४ मागच्या चित्रांत जास्त बारकाईने शोध घेतो, म्हणून तोच दर्जा कमी जागेत बसतो.

म्हणून माझी पहिली काळजी अशी: आकार आधी ठरवायचा नाही. ‘दोन तासांचं लग्न ७०० एमबीत बसवून द्या’ म्हटलं, की शांत बसलेल्या वऱ्हाडाला मिळालेली जागा अक्षतांना अपुरी पडते. त्यापेक्षा दर्जा ठरवावा. हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी आरएफ नावाचा आकडा असतो. तो जितका लहान, तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या चित्रासाठी १८ ते २२ ही योग्य पट्टी. मी अक्षतांचा तेवढा तुकडा १८, २० आणि २२ वर करून टीव्हीवर लावतो आणि चेहऱ्यांकडे बघतो. जो आकडा तिथे टिकतो, तो उरलेल्या लग्नात निश्चिंतपणे चालतो. ४.७ जीबीच्या डिस्कची फाइल मग बहुधा तिच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते.

दुसरी काळजी हालचालीची. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची. तिचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, पण सेकंदाला २५ पूर्ण चित्रांऐवजी ५० अर्धी चित्रं टिपलेली: एकदा विषम ओळी, एकदा सम. जुन्या टीव्हीवर ती आपोआप जुळायची. संगणकावर मात्र हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. ते काढण्याला डीइंटरलेसिंग म्हणतात. बरेच जण ते करताना २५ चित्रांवर थांबतात, तिथे अर्धी हालचाल वाया जाते. मी ५० ठेवतो. फाइल थोडी वाढते, पण फुगडीचा वेग आणि वरातीतला नाच तसाच राहतो. चित्र ताणून एचडी करायच्या फंदात मात्र पडत नाही. जो तपशील डिस्कवरच नाही, तो मोठं केल्याने येत नाही, फक्त जागा खातो.

तिसरी काळजी दाणेदारपणाची. व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी केलेल्या लग्नांत चित्रभर बारीक मुंग्या धावत असतात आणि त्या टिपण्यातच बरीच जागा जाते. त्या पुसणारे फिल्टर आहेत, आणि फाइल झपाट्याने लहान होते म्हणून ते जोरात लावायचा मोह होतो. पण त्या मुंग्यांबरोबर पैठणीच्या काठावरची जर जाते, नथीतले मोती एक होतात आणि आजीच्या गालावरच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात. लोक ही डिस्क आजीसाठी आणतात. म्हणून फिल्टर लावायचाच तर हलका, आणि तो ठरवताना डोळे तिच्या चेहऱ्यावर.

आवाजाला सहसा हात लावू नये. डॉल्बीचा १९२ केबीपीएसचा आवाज दोन तासांना जेमतेम पावणेदोनशे एमबी घेतो. तो आहे तसा ठेवावा. काही घरगुती डिस्कवर आवाज अजिबात न दाबलेला असतो. तो एकटाच दोन तासांना सव्वा जीबीहून जास्त जागा अडवतो, तिथे १६० केबीपीएसचा एएसी पुरतो. तयार फाइल नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली, की ती पुन्हा दाबली जाते आणि अक्षतांसाठी राखलेलं सगळं तिथे जातं.

कॉम्प्रेशनमध्ये प्रत्येक वेळी काहीतरी कायमचं सुटतं, म्हणून मूळ टाकून देऊ नये. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला सोसत नाही. काही वाचलं जात नसेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलतो आणि मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. अशी संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रत दोन ठिकाणी ठेवावी. ती हाताशी असेल तर पुढे एच.२६४ पेक्षा सरस रीत वापरून फाइल नव्याने करता येते. लहान फाइलवरून केली, तर तिच्यातली तूट पुढे जातेच, वर नवी भर पडते.

कॉम्प्रेशन पुढच्या वर्षी केलं तरी चालतं. डिस्कची प्रत मात्र आजच काढावी, कारण आरएफचा आकडा चुकला तर तो बदलता येतो. उडून गेलेला थर परत येत नाही.