निकषात बसत नाही!

नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. ऑफिसच्या कॅबवाल्यानं एक दिवस माझा ड्रॉप पॉइंट सोसायटीच्या गेटवरून उचलून मेन रोडवर नेला. अंतर दोनशे मीटर. मी एचआरला असा काही सणसणीत मेल टाकला, की तिसऱ्या दिवशी कॅब पुन्हा गेटवर हजर! हक्क मागायला लागतं काय, एक मेल... असं तेव्हा वाटायचं.

मग घाटनांदूरहून दादाचा फोन आला. "लेकराचं गाडीभाडं नामंजूर झालंय. निकषात बसत नाही म्हणाले."

लेकरू म्हणजे माझी भाची, सहावीतली. दादा-वहिनी राहतात गावाबाहेर, शेतातल्या वस्तीवर. तिथली शाळा पाचवीपर्यंतच, पुढचं सगळं गावात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०११च्या नियमांनुसार सहावी ते आठवीची शाळा घरापासून ३ किलोमीटरच्या आत हवी. नसेल, तर मुलांच्या जाण्यायेण्याची सोय सरकारनं करायची. त्यासाठी समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्ता आहे, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६००० रुपये. ऑफिसच्या यादीत भाचीच्या नावापुढे अंतर होतं २.७ किलोमीटर. विषय कट!

"पण मुलींना एसटीचा पास फुकट असतो ना?" मी फोनवर शहाणपणा केला.

दादा हसला. "पास हाय गं. वस्तीवर एसटी कुठंय?"

रात्रीच्या बसनं पुण्याहून अंबाजोगाई गाठलं, तिथून अर्ध्या तिकिटावर एसटीनं घाटनांदूर. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीबरोबर शाळेपर्यंत चालत निघाले, मोबाइलवर अंतर मोजायचं अॅप लावून. घाटनांदूर हे परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. वस्ती रुळांच्या एका बाजूला, शाळा दुसऱ्या. नकाशावर घर आणि शाळा जोडणारी सरळ रेघ मारली, की ती रुळांवरून जाते. माणसांचा रस्ता मात्र चांगला वळसा घेतो आणि मध्ये एक ओढा लागतो. उन्हाळ्यात त्यात बकऱ्या चरतात, पावसाळ्यात त्याच्याकडे बघवत नाही. अॅपनं आकडा दाखवला ३.८.

"आत्या, त्यांच्या नकाशात रूळ नसतात का?" भाचीनं विचारलं. "रुळावरून गेलं तर आई मारते."

नकाशाला पाणीही दिसत नाही. साताऱ्यात जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत जायच्या. जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे बाकीच्यांना ते अंतर कळलं.

आमची अडचण फारच साधी निघाली. अपील करायचं, पण कशाविरुद्ध? हातात कागदच नव्हता. टेबलापलीकडून कुणीतरी "बसत नाही" म्हणालं आणि दादा मान डोलवून घरी आला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ सांगतं, की स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, त्यांनी म्हणणं ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. पण सगळ्याची सुरुवात लेखीपासून. मी अर्ज लिहिला. सोबत हातानं काढलेला रस्त्याचा नकाशा आणि पावसाळ्यातल्या ओढ्याचा फोटो.

दादा सही करेना. "साहेबाच्या विरुद्ध लिहायचं? लेकराला अजून किती वर्षं याच गावात शिकायचंय. गुरुजींना त्रास झाला म्हंजे?" माझ्या एचआरच्या मेलमागे असली भीती कधी नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. वहिनी चुलीपाशी होत्या. त्या उठल्या, पदराला हात पुसले. "ती घरी बसली की वर्षात पाहुणे दारात येत्याल. द्या इकडं कागद."

सही वहिनींची झाली. आवक नंबर आणि शिक्क्यासह पोच हातात पडेपर्यंत मी काउंटरवरून हलले नाही.

सुनावणीला दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि एक शब्द बोलला नाही. अधिकारी वाईट नव्हते. "तुमचं बरोबर आहे हो, पण कॉम्प्युटरमध्ये २.७च आहे ना," एवढंच म्हणत होते. मी केंद्राचे २०१०चे नियम पुढे केले. पूर, रस्त्यांचा अभाव, लहान मुलांना वाटेत धोका असेल, तर अंतराची मर्यादा कमी करावी असं त्यांत म्हटलंय. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला. "ओढ्याला पाणी किती असतं?" वहिनींनी उत्तर न देता हात आधी स्वतःच्या कमरेवर ठेवला, मग भाचीच्या गळ्यापाशी.

पुढच्या आठवड्यात एकजण बाइकवर येऊन रस्त्यानं अंतर मोजून गेला. ३.६! माझ्यापेक्षा दोनशे मीटर कमी. मी भांडायला तोंड उघडणार तेवढ्यात वहिनींनी माझा हात दाबला.

मंजुरीचा कागद आलाय. पैसे अजून यायचेत. रिक्षावाला दिवाळीपर्यंत उधारीवर न्यायला तयार झालाय, मात्र पाऊस असला की तो ओढ्याच्या पलीकडेच थांबणार म्हणतो.