जुनी श्रेणी पुसली जात नाही

आमच्या बंधूंची कन्या अमेरिकेत पदवीधर झाली. तिला डॉक्टर व्हावयाचे आहे. परंतु रसायन व भौतिक या विषयांत तिला बेताचीच श्रेणी मिळाली. आपल्याकडे बारावीनंतर नीटच्या ७२० गुणांवर प्रवेश ठरतो. तेथे आधी पदवी लागते, आणि जीव, रसायन, भौतिक व गणित या विषयांची सरासरी वेगळी काढतात. विषय पुन्हा दिला तरी एम.डी. महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात जुनी व नवी अशा दोन्ही श्रेणी धरतात. तेव्हा उत्तीर्ण झालेलेच विषय पुन्हा घोकण्यापेक्षा पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र असे वरचे विषय घेऊन त्यांत चमकावे, असे आम्ही तिला कळविले. खर्च जबर आहे. वहिनींची झोप त्यानेच उडाली आहे. बंधू तर म्हणतात, नाद सोड.

एमकॅट ही प्रवेशपरीक्षा ५२८ गुणांची. अपुऱ्या तयारीने ‘बसून तर पाहू’ म्हणणे घातक, कारण मागील प्रयत्नांचे गुणही महाविद्यालयांना दिसतात.

मुलगी सध्या दिवसा नोकरी करते, सायंकाळी वर्गाला जाते आणि शनिवारी एका शुश्रूषागृहात वृद्धांना जेवण भरविते. जीवरसायनात तिला नुकतीच ‘ए’ श्रेणी मिळाली. रसायनातली ‘सी’ अर्जात तशीच राहणार आहे.