ऑइलची पट्टी

आंब्याचा हंगाम सुरू झाला की आमची पिकअप रात्रीचीच धावते. पावसच्या बाजूच्या बागांतून संध्याकाळी पेट्या भरायच्या, हातखंबा, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि पहाटे सौदे सुरू होण्याआधी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोहोचायचं. एप्रिलचा उकाडा, भरलेला हौदा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरचा तो चढ. त्या वेळी क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाहून पातळ असा तेलाचा पडदा तेवढा असतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही याच तेलावर तरंगत. तेल कमी पडलं तर घाटात गाडी बंद पडते, हौद्यातला हापूस तापतो आणि बागायतदाराची वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून ऑइल बघणं हे काम मी मेकॅनिकवर सोडत नाही.

ही सवय बाबांची. सकाळी चावी फिरवायच्या आधी बॉनेट उघडायचं, हा त्यांचा नियम. गाडी सपाटीवर हवी. आमच्याकडे घाटीचाच रस्ता, म्हणून अंगणात चिऱ्यांची सपाट जागा त्यांनी मुद्दाम करून घेतली. पट्टी काढायची, स्वच्छ फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि मग पुन्हा काढून वाचायची. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर तेल इकडेतिकडे लागलेलं असतं, ते धरायचं नाही. इंजिन चालू असेल तर बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं तेल चेंबरमध्ये उतरतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी.

बाबा नुसती पातळी बघत नसत. ते तेल बोटांवर चोळत, वास घेत. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्याने घाबरायचं कारण नाही; काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. पण ते चहासारखं दुधाळ दिसलं तर कूलंटचं पाणी आत शिरलंय, आणि बोटांना चकचकीत कण लागले तर आत कुठेतरी धातू घासतोय. दोन्ही वेळा गाडी जागची हलवायची नाही.

या सवयीचा खरा उपयोग मला एका पावसाळ्यात झाला. हंगाम संपला की आमची गाडी जवळच्या जवळ फिरते. खताच्या गोण्या, किराणा, कोणाचं सामान. पाच-सात किलोमीटर जायचं आणि बंद करायची. एका सकाळी पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसलं. मी तर काही ओतलं नव्हतं. ऑइल कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, वाढलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बोटावर घेतलं तर नेहमीपेक्षा पातळ, आणि वास डिझेलचा.

गाडी तशीच ठेवून मी नाक्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पट्टी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "दादा, बरं झालं चालू नाही केलीत." मग त्यांनी कारण सांगितलं. आमची गाडी बीएस-६ आहे. धुरातली काजळी अडवायला तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं. त्याला सलग धाव लागते. मध्येच गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा सुरू होतं, आणि न जळलेलं थोडं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळू शकत नाही. पातळी फार चढली तर क्रँक त्यात आपटून फेस होतो, ऑइलचा दाब कमी होतो.

ऑइल तिथेच बदलायचं ठरलं. पिकअप उंच असल्यामुळे जॅक न लावता खाली सरकता येतं. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. तेल कोमट हवं, म्हणजे गाळासकट उतरतं. पण डिझेल मिसळलेलं असल्याने इंजिन तापवायचं नव्हतं, तेव्हा थंडच सोडलं आणि निथळायला भरपूर वेळ दिला. तेल सोडायच्या नटाचा वॉशर नवा घातला. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं, कारण दोन रबरं एकावर एक बसली की गळती ठरलेली. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानेच आवळला. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच घेतलं. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं लागतं, कारण राख जळत नाही, ती जाळीत साठून राहते. थोडं कमीच ओतून इंजिन चालू केलं, ऑइलचा दिवा विझला, खाली गळत नाही हे पाहिलं, बंद करून थांबलो आणि मग पट्टी बघून उरलेलं घातलं.

जुनं ऑइल आम्ही कॅनमध्ये भरून गोळा करणाऱ्याकडे देतो. आमच्याकडे बरेच जण ते सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात, डासांसाठी डबक्यात ओततात. बागेच्या मातीत आणि विहिरीत तेच उतरतं. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी तेल कंपन्यांवरही आली आहे.

आता पावसाळ्यातही मी अधूनमधून गाडी हायवेला सलग पळवून आणतो, आणि घाट चढून आल्यावर टर्बो निवेपर्यंत मिनिटभर इंजिन चालू ठेवतो. गाडीवर पोट असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: किलोमीटर आणि महिने यांतलं जे आधी भरेल तेव्हा ऑइल बदलाच, पण तोवर रोज सकाळी पट्टी काढा. कमी दिसलं तर भरा, आणि वाढलेलं दिसलं तर चावी फिरवू नका.