रिकामी पेटी

गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत येऊन स्थिरावलेल्या घरांतून एखादी तलवार, एखादा कट्यारीचा मूठभाग, फार तर एखादी मोडकी बंदूक सापडतेच. कामरेजच्या आमच्या घरात मात्र आहे ती नुसती पेटी. ओकच्या लाकडाची, वीत-दीड वीत लांबीची, आतून हिरवी बनात लावलेली. खिशातल्या रिव्हॉल्व्हरची ती मूळ पेटी.

आमचे पणजोबा बडोदे सरकारच्या चाकरीत होते. कामरेज महाल तेव्हा नवसारी प्रांतात मोडे. त्यांनी हे शस्त्र कोणाकडून घेतले, याची नोंद घरात नाही. १९४९ च्या १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे काही वर्षांनी वडिलांनी ते रीतसर एका कचेरीत जमा केले. पावती मिळाली, शस्त्र परत मिळाले नाही. चौकशीच्या उत्तरांत दरवेळी नवे टेबल दाखविले गेले. पुढे आम्हीही सरकारी टेबलामागे बसलो, तेव्हा त्या उत्तरांचा अर्थ उमगला.

संग्राहकांना शस्त्राइतकीच पेटी मोलाची का वाटते, हे आम्हांला फार उशिरा कळले. सॅम्युअल कोल्टच्या १८४९ च्या नमुन्याची खिशातली रिव्हॉल्व्हरे तीन लाखांहून अधिक बनली; पण पेट्या मोडल्या, पुठ्ठ्याचे खोके तर लोकांनी फेकूनच दिले. इंग्रजी पद्धतीच्या पेटीत प्रत्येक वस्तूला स्वतंत्र खण असे: दारूची कुप्पी, टोप्यांची डबी, तेलाची बाटली, गोळ्या ओतण्याचा साचा. आमच्या पेटीत साचा तेवढा उरला आहे; त्यात एक घर वाटोळ्या गोळीचे, एक निमुळत्या गोळीचे. बनातीवर अष्टकोनी नळीचा ठसा अजून दिसतो. त्यावरून ते कोल्टच्याच घाटाचे असावे, असा आमचा तर्क.

तर्कच, कारण पुरावा आम्हीच नष्ट केला. कॉलेजात असताना एका दिवाळीच्या साफसफाईत झाकणाच्या आतला मळकट कागद आम्ही पाण्याने भिजवून खरवडून काढला. पेटी लख्ख झाली म्हणून आईकडून शाबासकीही मिळविली. त्या कागदावर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता असतो, आणि पत्त्यावरून काळ ठरतो, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

निवृत्तीनंतर मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पेटी पाहिली. म्हणाला, ''साहेब, यात बसेल असा नग आणून देतो. एकदा बसला की मूळचाच वाटेल.'' १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात पुरातन शस्त्राला सवलत आहे. पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही, अशा अवस्थेत असेल तरच. त्याचा नग चालता होता. कायदा हे एक कारण झाले. खरे कारण असे की दुसऱ्याच्या शस्त्राने आमच्या बनातीवरचा ठसा बुजला असता. एकदा कागद खरवडून आम्ही घराचा इतिहास पुसलाच होता. पुन्हा तेच करण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

परवा नातवाने पेटी उघडून विचारले, ''आजोबा, यात होतं काय?'' आम्ही वडिलांची ती पावती कपाटातून काढली, त्याला वाचून दाखविली आणि घडी करून रिव्हॉल्व्हरच्या खणात ठेवली. आता ती तिथेच असते.